बांध फुटला खरा, पण बुजवला का नाही? लयाला गेलेल्या नगरांचा अभ्यास असा करा

दर वर्षी दिवाळीची सुटी लागली की आमच्या गावातली आणि आसपासच्या वाड्यांवरची मुलं प्रकल्पाच्या वह्या घेऊन माझ्याकडे येतात. मी एकोणतीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण ‘बाई, आहात का?’ ही हाक काही थांबलेली नाही. विषय बहुतेक तोच: प्राचीन संस्कृतींचा ऱ्हास का झाला? वहीत पाच कारणं असतात. दुष्काळ, पूर, रोगराई, परकीय आक्रमण, जंगलतोड. प्रत्येकाखाली एक चित्र चिकटवलेलं. मुलांनी मेहनत घेतलेली असते, ते मला दिसतं. तरी मी वही मिटून ठेवते आणि म्हणते, चपला घाला, आधी बांधावर जाऊन येऊ.

त्या फेरफटक्यात मी मुलांना जे सांगते ते इथे लिहिते आहे. तुम्ही विद्यार्थी असा, शिक्षक असा किंवा घरच्या पोराला मदत करणारे आईवडील असा, ही पद्धत कुठल्याही बुडालेल्या नगराला लावता येते.

आमचा गाव जुवारीच्या काठी आहे. नदीचं पाणी इथे खारं, भरतीला शेताच्या पातळीच्या वर चढणारं. तरीही त्या शेतात भात पिकतं, कारण मध्ये बांध आहे. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे आणि ती समुद्राकडून मिळवायला आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षं चिखल वाहिला आहे. बांधात एके ठिकाणी मानस असते, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार. मुलांना मी तिथे अर्धा तास उभं करते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं मानशीची लाकडी दारं आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना पंप. जूनच्या पावसानं मातीतलं मीठ धुऊन निघतं आणि मग कोरगुट पेरतात, थोडा खारटपणा सोसणारं आपलं जुनं भात.

मी नववीत असताना आमच्या बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली. कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, पोखरलेल्या भोकातून आधी नुसतं झिरपत होतं. श्रावणातल्या अमावास्येच्या उधाणाला तिथली माती सुटली आणि दोन हात रुंद वाट झाली. आजोबा सांगायचे की त्यांच्या तरुणपणी असं झालं तर रात्रीच हाकाटी व्हायची. घरटी एक माणूस बांबू, पेंढा, चिखलाची टोपली घेऊन निघायचा आणि पुढच्या भरतीच्या आत खांड बुजायची. गावकारीचा, म्हणजे गावाच्या जुन्या सामायिक कारभाराचा, तो नियमच होता. त्या वर्षी मात्र कोणी निघालं नाही. १९६४ च्या कूळ कायद्यानं कसणाऱ्याला हक्क मिळाला, तो मिळायलाच हवा होता, माझं त्याबद्दल दुमत नाही. पण बांध सांभाळायचं काम जुन्या हातांतून सुटलं आणि आमच्या गावात तरी ते नव्या हातांत नीट पोचलं नाही. भाटकार, म्हणजे जमीनमालक, म्हणाला, कुळांचं काम. कुळं म्हणाली, कुळांच्या संघटनेचं. संघटनेचे लोक म्हणाले, सरकारी मदत येऊ दे. तिसऱ्या अमावास्येपर्यंत खांड तीस फुटांची झाली होती. भात काळं पडून कुजलं. पुढे तिथे खारफुटी उगवली, ती आजही आहे.

मुलांना मी विचारते, शेत कोणी बुडवलं? कुणी म्हणतं कुर्लीनं, कुणी म्हणतं उधाणानं. पण कुर्ल्या आणि उधाण आजोबांच्या काळातही होतीच.

म्हणून पहिलं काम हे. कुठल्याही संस्कृतीचा अभ्यास सुरू करताना दोन प्रश्न वेगवेगळ्या ओळींवर लिहा. बांध कशानं फुटला? आणि तो बुजवला का गेला नाही? पहिल्याचं उत्तर बहुधा हवामानात, पाण्यात, मातीत, रोगात सापडतं. दुसऱ्याचं उत्तर नेहमी माणसांत असतं: काम कोणाचं होतं, खर्च कोणी करायचा, निर्णय कोणाच्या हातात होता, आणि ज्याच्या हातात होता त्याला नुकसानीची झळ लागत होती का.

आता वहीचं पान आडवं धरून तीन रकाने आखा. डावीकडे निसर्गात काय झालं, मध्ये समाजात काय झालं आणि उजवीकडे हे आपल्याला कशावरून कळलं. कडेला साल लिहा. उजवा रकाना रिकामा राहिला तर ती ओळ खोडा, कितीही आवडती असली तरी.

सरावासाठी मायांपासून किंवा मोहेंजोदडोपासून सुरुवात करू नका. जुन्या गोव्यापासून करा. बसनं जाता येतं आणि पुरावा डोळ्यांसमोर उभा आहे. ते प्राचीन नगर नाही हे मला माहीत आहे, पण सालं पक्की असल्यामुळे पद्धत शिकायला त्याच्यासारखं दुसरं ठिकाण नाही.

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी ते जिंकलं आणि शतकभरात त्याचा असा बोलबाला झाला की गोवा पाहिलेल्यानं लिस्बन पाहायची गरज नाही, अशी म्हणच पडली. डाव्या रकान्यात १५४३ लिहा. त्या वर्षी शहरात पटकीची भयंकर साथ आली, गास्पार कोर्रैया या पोर्तुगीज इतिहासकारानं तिचं वर्णन केलं आहे. आपल्या ‘मोडशी’ या शब्दावरूनच पोर्तुगीजांनी या रोगाचं नाव उचललं, हे उजव्या रकान्यात जरूर टिपा. शब्दसुद्धा पुरावा असतो. साथी पुढच्या शतकातही येत राहिल्या. शहर जांभ्यावर वसलेलं. जांभा सच्छिद्र, त्यातून सांडपाणी विहिरीत झिरपतं. हजारो घरं, हजारो शौचकूप आणि प्यायला त्याच जमिनीतलं पाणी.

आता मधला रकाना. १५६५ मध्ये राक्षसतागडीच्या लढाईत विजयनगरचा पाडाव झाला आणि गोव्याच्या घोड्यांच्या व्यापाराचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक गेलं. सतराव्या शतकात डच आरमारानं मांडवीचं तोंड वारंवार अडवलं. १६४१ मध्ये मलाक्का आणि १६६३ मध्ये कोचीन पोर्तुगीजांच्या हातून गेलं. तिजोरी आटली. पहिल्या साथींनंतर शहर सावरलं होतं कारण तेव्हा पैसा आणि माणसं येत होती. नंतरच्या साथींनी तेच शहर मोडलं, कारण बुजवणारे हात उरले नव्हते.

इथे मुलांना मी आणखी एक सवय लावते: आधी कोण निघून गेलं ते शोधा. १६९५ मध्ये व्हाइसरॉयनं आपलं बिऱ्हाड शहराबाहेर पणजीच्या दिशेला हलवलं, १७५९ मध्ये थेट पणजीला. राजधानीचा मान पणजीला अधिकृतपणे मिळाला १८४३ मध्ये. म्हणजे निर्णय घेणारा माणूस कागदावरच्या राजधानीतून दीडशे वर्षं आधी उठून गेला होता. ज्याला वाईट पाणी प्यावं लागत नाही, त्याला विहिरीची काळजी किती वाटणार?

सांत आगुस्तीनच्या मनोऱ्यासमोर थांबा. १८३५ मध्ये धार्मिक संघांवर बंदी आली आणि मठ ओस पडला. १८४२ मध्ये चर्चची कमान कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. कमान पाडली ती पावसानं आणि वजनानं; पण सात वर्षं तिच्यावरचं गवत काढायला कोणी नव्हतं. हे जिवंत उदाहरण पाहिलं की मुलांना पुढचं सगळं चटकन कळतं.

जुन्या गोव्याचं पान भरलं की मगच दूर जा.

सुमेरपासून सुरुवात करा असं मी म्हणेन, कारण खाजनाकाठच्या माणसाला ती कथा कोणी समजावून द्यावी लागत नाही. आजच्या दक्षिण इराकमध्ये युफ्रेटिस आणि टायग्रिसचं पाणी कालव्यांनी शेतात आणलं. पाण्यात थोडं मीठ असतंच. पाणी उन्हात उडून जातं, मीठ मागे राहतं. कालव्यांमुळे भूजल वर चढलं की तेही मीठ वर आणतं. आपल्याकडे गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि माती धुतो. तिथे २०० मिलिमीटर पडला तरी पुष्कळ. निचऱ्याची सोय नाही, म्हणजे मानस नसलेलं खाजनच. मातीच्या पाट्यांवरच्या हिशोबांवरून थॉर्किल्ड याकोबसेन आणि रॉबर्ट ॲडम्स यांनी १९५८ मध्ये दाखवलं की इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमारास गहू आणि जव जवळजवळ सारखेच घेतले जात, पण इ.स.पू. १७०० पर्यंत गहू दक्षिणेतून जवळपास गेलाच. जव खारटपणा जास्त सोसतं, आपल्या कोरगुटासारखं. त्यांच्या उत्पादनाच्या आकड्यांवर नंतर इतर अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत, तेही त्याच ओळीत नोंदवा. आता मधला रकाना: शेत एक वर्ष पडीक ठेवलं तर रानटी झुडपांची मुळं पाणी ओढतात आणि भूजल खाली जातं, हे तिथल्या शेतकऱ्याच्या वहिवाटीत होतं. पण मंदिराचे कोठार आणि राजाचा सारा दर वर्षी धान्य मागत असतील, तर पडीक कोण ठेवू देईल? मीठ मातीतून वर आलं, पण त्याला वर बोलावणारी घाई माणसांची होती.

माया संस्कृतीची ओळ लिहिताना उजव्या रकान्याला जास्त जागा ठेवा, कारण तिथे पुरावा कसा बोलतो ते शिकायला मिळतं. मेक्सिकोतल्या युकातानमध्ये चिचानकानाब नावाचं तळं आहे. पाऊस कमी झाला की तळं आटतं आणि तळाशी जिप्समचा थर बसतो. पाऊस आला की पुन्हा नेहमीचा गाळ. त्या थरांवरून १९९५ मध्ये डेव्हिड होडेल आणि सहकाऱ्यांनी इ.स. ८०० ते १००० च्या दरम्यानचे कोरडे काळ दाखवले. २०१८ च्या अभ्यासात त्याच जिप्समच्या कणांत अडकलेल्या पाण्यावरून वार्षिक पाऊस निम्म्याच्या आसपास घटल्याचं निघालं. दुसऱ्या बाजूला मायांचे स्वतःचे कोरीव दिनांक आहेत. त्यांच्या दीर्घगणना या कालगणनेतला शेवटचा ज्ञात दिनांक तोनिना या नगरातला, इ.स. ९०९ चा. दोन घड्याळं जुळतात, असं वाटून मुलं इथेच थांबतात. थांबू नका. नकाशा उघडा. दक्षिणेकडची ओली, जंगलातली नगरं ओस पडत होती तेव्हा उत्तरेला, मुळातच कोरड्या भागात, चिचेन इत्झा भरभराटीला आलं होतं. फक्त पावसाचा दोष असता तर आधी उत्तरेकडची नगरं कोसळायला हवी होती. मग दक्षिणेतले राजे काय करत होते ते बघा: एकमेकांशी युद्धं, देवळांवर देवळं. दक्षिणेतल्याच तिकाल या माया नगराच्या तलावांतल्या गाळात २०२० मध्ये विषारी शेवाळाच्या खुणा आणि पारा सापडला. पारा हिंगुळातून आला. लाल रंगासाठी राजवाडे आणि थडगी हिंगुळानं रंगवत आणि पावसात तो धुऊन तलावात जाई. राजवाड्याजवळचे तलाव सर्वांत दूषित होते.

कंबोडियातल्या अंगकोरवर मी फार वेळ देत नाही, पण एक गोष्ट तिथेच नीट दिसते. पाण्याची व्यवस्था जितकी मोठी, तितकी ती दुरुस्त करायला अवघड. तिथला पश्चिम बाराय हा तलाव जवळपास ८ किलोमीटर लांब आहे. व्हिएतनाममधल्या जुन्या झाडांच्या खोडातल्या वलयांवरून कळतं की चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत तिथे दीर्घ अवर्षणं पडली आणि मध्येच अतिवृष्टीची वर्षं आली. कोरड्या वर्षांसाठी सुधारलेले कालवे पुरानं फोडले. १४३१ मध्ये शेजारच्या अयुथ्थया या थाई राज्याची फौज आली हे खरं, पण तिथल्या खंदकातल्या गाळानं दाखवलं आहे की नगराच्या मध्यभागातली वर्दळ त्याच्या कितीतरी आधीपासून हळूहळू ओसरत होती. वहीत ‘आक्रमण’ लिहायच्या आधी नेहमी आदल्या शंभर वर्षांकडे बघा.

आता एक सावधगिरी. एकच आरोपी सापडला की मन सुखावतं, तेव्हाच थांबून पुन्हा तपासा. मोहेंजोदडोत काही सांगाडे अस्ताव्यस्त सापडले आणि पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी ऋग्वेदातल्या इंद्रावरच, म्हणजे आर्यांच्या आक्रमणावर, आरोप ठेवला. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी दाखवून दिलं की ते सांगाडे एका काळातले नाहीत आणि कत्तलीचा पुरावाच नाही. तरी आजही मुलांच्या वहीत ती कत्तल येते. रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटाचंही तसंच. बेटावरची झाडं गेली हे खरं. पण ‘लोकांनी झाडं तोडून स्वतःला संपवलं’ ही गोष्ट २०२४ मधल्या जनुकीय अभ्यासाला मान्य नाही, लोकसंख्या अचानक कोसळल्याची खूण त्यात सापडली नाही. खरा कहर १८६२-६३ मध्ये झाला. पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी माणसं पळवली, परतलेल्या थोड्यांनी देवी आणल्या आणि १८७७ मध्ये बेटावर १११ माणसं उरली. अत्याचार सोसलेल्यांनाच आपण मूर्ख ठरवत होतो. या ओळीपाशी मी वर्गात आवाज चढवायची, आणि आजही चढवते.

लोक स्वतः काय कारण सांगत होते, तेही लिहा. सुमेरवरही सत्ता असलेलं अक्कदचं साम्राज्य इ.स.पू. २२०० च्या सुमारास ढासळलं. ओमानच्या आखाताच्या तळातल्या धुळीवरून त्या काळातलं मोठं अवर्षण कळतं. पण सुमेरी कवीनं दोष दिला तो राजा नरम-सिनला, त्यानं एन्लिल देवाचं देऊळ लुटलं म्हणून. आपणही १३९६ पासूनच्या दुष्काळाला दुर्गादेवीचं नाव दिलं. अशी नावं खोडू नका. लोकांना कोणाचा आधार वाटत होता आणि कोणावरचा विश्वास उडाला होता, ते त्यातून कळतं.

शेवटचा प्रश्न प्रत्येक पानाखाली: माणसं गेली कुठे? ‘नष्ट झाली’ हा शब्द मी वहीत खपवून घेत नाही. माया भाषा बोलणारी लाखो माणसं आज आहेत. हडप्पाची नगरं इ.स.पू. १९०० नंतर ओसरली तेव्हा वस्ती पूर्वेकडे, लहान लहान खेड्यांत पसरली. आणि पुण्याजवळच्या इनामगावला तर ही गोष्ट घराच्या आकारात दिसते. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं. आधी प्रशस्त चौकोनी घरं, पाण्याचा कालवा, धान्याचं कोठार. इ.स.पू. १००० नंतर तिथेच लहान गोल झोपड्या. ढवळीकरांनी याचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी जोडला: शेती खालावली, लोक गुरंमेंढ्यांमागे फिरू लागले. इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव सुटलं. ती माणसं मेली नाहीत. त्यांनी घर बदललं, धंदा बदलला. आमच्या वाड्यावरून खाजन बुडाल्यावर मुंबईला आणि बोटीवर गेलेल्यांची नावं मी अजून मोजू शकते.

एवढं झालं की एक काम स्वतः करा. गोवा वेल्हाजवळ जुवारीच्या काठी गोपकपट्टण होतं, कदंब राजांचं बंदर. अकराव्या शतकाच्या मध्याला पहिल्या जयकेशीनं राजधानी चंद्रपुराहून, म्हणजे आजच्या चांदरहून, तिथे आणली. ओहोटीला पाणी हटलं की जांभ्याच्या जुन्या भिंतीचे अवशेष दिसतात. भरतीओहोटीचं वेळापत्रक बघून निघा, अमावास्या किंवा पौर्णिमेजवळचा दिवस धरा, तेव्हा पाणी जास्त हटतं. पायात जुने बूट घाला, शिंपल्यांनी तळवा कापतो. दगड उचलू नका, फोटो काढा. चौदाव्या शतकातल्या स्वाऱ्या मधल्या रकान्यात येतील, नदीचा गाळ डाव्या. मग चिखलात उभं राहून दुसरा प्रश्न विचारा: बंदरातला गाळ काढायचं काम कोणाचं होतं?

गेल्या दिवाळीत आठवीतला एक मुलगा सगळी पानं भरून आला आणि म्हणाला, “बाई, शेवटचं पान मी आपल्या खाजनाचं केलंय. खांड आणि भांडण लिहिलं. उजव्या रकान्यात काय लिहू?” मी आतून आजोबांची वही आणली. कोणत्या घरानं बांधावर किती दिवस दिले ते त्यात आहे, घराच्या नावापुढे एकेक उभी रेघ. गावातलं एकही घर वगळलेलं नाही. १९६० पर्यंत पानं गच्च आहेत. पुढे रेघा विरळ होतात, मग चारच घरं राहतात, मग दोन. शेवटची रेघ आमच्याच घरापुढे आहे आणि त्यानंतर कोरी पानं. मुलानं बराच वेळ ती उलटली आणि मग पेन्सिलीनं एकेका वर्षाच्या रेघा मोजायला बसला.